थंडोबांचं प्रेशर

ऑफिसातल्या आरोग्य तपासणीला जायचं थंडोबांच्या मनातसुद्धा नव्हतं. ते गेले ते फक्त साहेबांना धीर द्यायला.

साहेब म्हणजे पाणीपुरवठा कार्यालयाचे मोठे साहेब. त्यांचा पारा दिवसातून चारदा चढायचा. आधी कान लाल व्हायचे, मग मान, आणि लाली टकलापर्यंत पोचली की शिपाई केबिनचं दार बाहेरून हळूच लावून घ्यायचा. अशा माणसाला दुसऱ्या मजल्यावर बीपी मोजायला बोलावलं होतं. तळमजल्यावरच त्यांना घाम फुटला.

"तुम्ही चला हो बरोबर," साहेब थंडोबांना म्हणाले. "तुम्ही आधी बसा खुर्चीत. तुमचा आकडा ऐकून माझा जरा खाली येईल."

आता 'थंडोबा' हे काही त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. बावीस वर्षं ते तक्रार खिडकीवर बसत होते. पाणी आलं नाही, आलं ते गढूळ आलं, स्वच्छ आलं पण प्रेशर नव्हतं, प्रेशर होतं पण पहाटे चारला होतं, अशा तक्रारी घेऊन लोक खिडकीत डोकं घालायचे आणि ओरडायचे. थंडोबा ऐकायचे, रजिस्टरात लिहायचे, तारीख टाकायचे. एकदा एका गृहस्थाने गढूळ पाण्याची अख्खी बाटली त्यांच्या टेबलावर ओतली. थंडोबांनी रजिस्टर उचललं, टेबल पुसलं आणि विचारलं, "हा नमुना सकाळचा, की संध्याकाळचा?" त्या दिवसापासून सगळं ऑफिस त्यांना थंडोबा म्हणायला लागलं. (वरवर ते "काय हे!" म्हणायचे. आतून त्यांना ही पदवीच वाटायची. माणसाला कशाचा अभिमान वाटेल सांगता येत नाही.)

तर थंडोबा खुर्चीत बसले. नर्सबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला. काट्याकडे पाहिलं. मग थंडोबांकडे पाहिलं. मग पुन्हा काट्याकडे.

"जिने चढून आलात का?"

"लिफ्टने."

"पाच मिनिटं शांत बसा."

"मी शांतच आहे," थंडोबा म्हणाले, आणि ते खरंच होतं.

पाच मिनिटांनी पुन्हा पट्टा, पुन्हा फुगवणं. "वरचं एकशे बहात्तर, खालचं एकशे चार," नर्सबाई म्हणाल्या. "डोकं दुखतं?"

"नाही."

"चक्कर? धाप? छातीत दुखतं? अंधुक दिसतं? नाकातून रक्त आलंय कधी?"

"नाही, नाही, नाही, नाही आणि नाही."

"काहीच होत नाही?"

"काहीच नाही."

"अहो, तेच तर वाईट असतं," नर्सबाई म्हणाल्या. "बहुतेकांना काहीच होत नाही. म्हणून तर कळत नाही." आणि त्यांनी चिठ्ठीवर 'डॉक्टरांना दाखवणे' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

मग साहेब बसले. डोळे घट्ट मिटून, दात आवळून, मुठी वळून. त्यांचं निघालं एकशे बावीस, अठ्ठ्याहत्तर.

"चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल," साहेब म्हणाले.

"चिठ्ठी अजून एकच लिहिलीय," नर्सबाई म्हणाल्या.

साहेब थंडोबांकडे बघतच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग सुटकेचा आनंद आला, आणि मग हळूहळू भीती आली. याच माणसाच्या टेबलावर आपण बावीस वर्षं फायली आपटल्या. या माणसाने त्या निमूटपणे उचलल्या. त्या सगळ्या गेल्या कुठे? तर इथे. एकशे बहात्तर.

"बावीस वर्षं लोक प्रेशर नाही, प्रेशर नाही म्हणून बोंबलतायत," साहेब जिन्यात पुटपुटले, "आणि सगळं प्रेशर हे घेऊन बसलेत."

संध्याकाळपर्यंत ही बातमी ऑफिसभर झाली. थंडोबा आतून धुमसतायत! टपाल विभागातला कारकून, जो रोज न विचारता थंडोबांचं पेन न्यायचा, तो तीन पेनं परत ठेवून गेला. (त्यातली दोन थंडोबांची नव्हतीच.) शिपायाने चहा आणला तो कपबशीत, आणि टेबलावर ठेवून दोन पावलं मागे सरकला. थंडोबा "अरे, मला राग आलेला नाही," असं समजावत होते. पण राग न आलेला माणूस असं कशाला सांगत सुटेल? प्रत्येक खुलाशाबरोबर ते जास्तच धोकादायक दिसायला लागले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि चक्क "बसा ना," म्हणाले.

"मी तुम्हाला खिडकीवरून काढतोय. रेकॉर्ड रूममध्ये जा. तिथे कोणी ओरडणार नाही."

"पण साहेब, मला खिडकीच बरी वाटते."

"तसं वाटतं तुम्हाला. एक दिवस त्या खिडकीतून कोणाचं काय होईल ते कळणारही नाही." मग आवाज खाली आणून साहेबांनी विचारलं, "माझ्याबद्दल मनात काही नाही ना?"

"नाही साहेब."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. थंडोबांची रवानगी त्याच दुपारी रेकॉर्ड रूममध्ये झाली. तिथे जुन्या फायली होत्या, एक बंद पंखा होता आणि तक्रार करायला एकही माणूस नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा थंडोबांना ऑफिसात उदास वाटलं.

घरी हे सांगावं की नाही, असा विचार त्यांनी केला होता. पण खिशातली चिठ्ठी बायकोने धुण्याआधी खिसे तपासताना काढली.

थंडोबांची बायको बायकांना गाडी चालवायला शिकवायची. तिच्या गाडीला तिच्या बाजूलाही एक ब्रेक होता, पण त्याची गरज क्वचितच पडायची. तिचा आवाजच पुरायचा. "क्लच! अहो, क्लच! तो क्लच आहे, पायपुसणं नाही!" हे चौकातल्या सगळ्या दुकानदारांना पाठ होतं. ती रोज सकाळी सात ते बारा ओरडायची, घरी येऊन गॅसवाल्यावर ओरडायची, आणि मग अगदी प्रसन्न मनाने जेवायची. तिने चिठ्ठी वाचली आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता खाली बसली.

थंडोबा घाबरले ते तेव्हा.

"अगं, काही होत नाहीये मला."

"तेच म्हणतेय मी. काही होत नाही कसं? एकशे बहात्तर काय हवेतून आलं?" मग तिचे डोळे बारीक झाले. "काय काय गिळलंत पंचवीस वर्षांत?"

"काही नाही गं."

"म्हणजे बरंच आहे."

शेजारच्या खोलीतून थंडोबांची आई काठी टेकत आली. वय अठ्ठ्याहत्तर, कान जरा मंद, पण हवं ते बरोबर ऐकणारे. "काय झालंय त्याला?"

"बीपी, आई. आणि लक्षण एकही नाही."

"लहानपणापासून तसाच आहे तो," आई म्हणाली. "पाळण्यातसुद्धा रडला नाही मेला. तेव्हाच दाखवायला हवं होतं. मी म्हटलं, गुणी आहे."

दुसऱ्याच दिवशी बायकोने बीपीचं मशीन आणलं. आधी स्वतःचं मोजलं. एकशे दहा, सत्तर. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. आईचं एकशे तीस, ऐंशी निघालं, आणि या वयात हे फार छान म्हणतात असं कळल्यावर तिने ते शेजाऱ्यांना फोन करून सांगितलं. मग थंडोबांचं मोजलं. एकशे अडुसष्ट.

"बघा! माझं सगळं रोजच्या रोज बाहेर पडतं," बायको म्हणाली. "तुमचं साठलंय. ते काढायचं."

आणि घरात थंडोबांचा राग काढायची मोहीम सुरू झाली. रोज संध्याकाळी बायको समोर बसायची आणि म्हणायची, "ओरडा."

"काय म्हणून?"

"काहीही म्हणून. रागावलोय म्हणून ओरडा."

थंडोबांनी घसा साफ केला. "मी रागावलो आहे," ते म्हणाले.

"काय हवंय रे?" आतून आईने विचारलं. "डबा तिथेच आहे, फडताळात."

रविवारी दुपारी थंडोबा जेवून आडवे झाले. जरा डोळा लागतोय तोच नाकाशी काहीतरी गार लागलं. डोळे उघडले तर बायको त्यांच्या नाकापुढे तिच्या पर्समधला छोटा आरसा धरून बसलेली.

"हलू नका," ती म्हणाली. "वाफ धरते का बघतेय."

थंडोबा हसणार होते. पण आरसा धरलेला हात थरथरत होता. हाच हात रोज सकाळी नवशिक्या बायकांच्या हातातून स्टिअरिंग हिसकावून घेत असे, तेव्हा कधी थरथरला नव्हता. थंडोबांना कळलं, की ही चेष्टा नाही. ही बाई आठवडाभर नीट झोपलेली नाही. तिला कुणीतरी सांगितलंय, की अशी माणसं एक दिवस काही न बोलता पटकन जातात. आणि काही न बोलण्यात तर आपला हात धरणारा कोणी नाही.

तिच्या समाधानासाठी काहीतरी सांगायलाच हवं, असं त्यांनी ठरवलं. एखादी बारीकशी, निरुपद्रवी तक्रार. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या तक्रारी लिहून घेतल्या होत्या. स्वतःची एक शोधायला त्यांना पाऊण तास लागला.

"एक आहे," ते म्हणाले.

बायको सावरून बसली. "बोला. मोकळेपणाने बोला. मला काही वाटणार नाही."

"मी आपली घरची गाडी चालवतो तेव्हा तू शेजारी बसून पायाने ब्रेक दाबतेस. त्या बाजूला ब्रेक नसतो. मला जरा… म्हणजे अगदी जरासंच… अपमान झाल्यासारखं वाटतं."

बायकोने पदर खोचला.

"म्हणजे तुमच्या गाडी चालवण्यावर माझा विश्वास नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"तसं नाही—"

"नाहीच आहे विश्वास! तिसऱ्या गिअरमध्ये वळण घेता तुम्ही! माझ्या पायामुळे जिवंत आहोत आपण!"

आणि मग बांध फुटला. पण फुटला तो थंडोबांचा नव्हे. लग्नाच्या फोटोत थंडोबांनी मिटलेल्या डोळ्यांपासून सुरुवात झाली. तिने नवीन पडदे लावले ते थंडोबांच्या सात महिन्यांनी लक्षात आले, ते झालं. तिच्या भावाला "या कधीतरी" असं म्हणाले होते, "या" असं नव्हे, तेही झालं. सव्वा तीन तास. शेवटी तिने डोळे पुसले, "बरं झालं बोललात," म्हणाली, आणि आठवड्यात पहिल्यांदा गाढ झोपली.

थंडोबांचं डोकं ठणकायला लागलं.

त्यांनी चुकून ते आईला सांगितलं. आईने "लक्षण आलं! लक्षण आलं!" अशी हाळी दिली. बायको धडपडत उठली, गाडीची किल्ली घेतली, आणि पंधरा मिनिटांच्या वाटेवर सहा मिनिटांत थंडोबा दवाखान्यात होते. (त्या सहा मिनिटांत थंडोबांनी तीन वेळा पायाने ब्रेक दाबला. ते कोणाच्या लक्षात आलं नाही, हे एक नशीब.)

डॉक्टरीणबाई मध्यमवयीन होत्या, थकलेल्या होत्या आणि फार हळू बोलायच्या. त्यांनी मोजलं. एकशे सत्तर. आठवड्याचे घरचे आकडे पाहिले. कसले कसले प्रश्न विचारले. बायकोने सगळ्यांची उत्तरं दिली.

"डॉक्टर, हे राग गिळतात. एकदा सगळा बाहेर पडला की उतरेल ना?"

"राग आणि रक्तदाब ही दोन वेगळी खाती आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्तवाहिन्यांना तुमचा स्वभाव माहीत नसतो. ओरडणाऱ्याचं नॉर्मल असू शकतं, शांत माणसाचं जास्त. वय, वजन, घराण्यात कुणाला असणं, बसून राहणं, कितीतरी कारणं असतात. डोकं आज का दुखलं?"

थंडोबांनी बायकोकडे पाहिलं. "उन्हाने असेल."

"खाण्यात मीठ जास्त आहे का?"

"मुळीच नाही," बायको म्हणाली. "घरात मी बेताचंच घालते."

"ऑफिसात काही खारट खाता?"

इथे थंडोबा खुर्चीत जरा सरकून बसले. आणि जी गोष्ट ना साहेबांना माहीत होती ना बायकोला, ती बाहेर आली. त्यांच्या टेबलाच्या खणात खाऱ्या दाण्यांची पुडी असायची. माणूस ओरडायला लागला, की थंडोबा एक दाणा तोंडात टाकायचे. तोंडात दाणा असला की उलट बोलता येत नाही. माणूस फारच ओरडला तर दोन. गढूळ पाण्याच्या बाटलीवाल्याच्या वेळी त्यांनी मूठभर कोंबले होते.

"दिवसाला किती होतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तक्रारींवर अवलंबून असतं. पाणी बंद असेल त्या दिवशी दोन पुड्या."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. बायकोने "बावीस वर्षं!" एवढंच म्हटलं, पण ते तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं.

खारे दाणे बंद. रोज सकाळी एक गोळी, बरं वाटतंय म्हणून परस्पर बंद करायची नाही. रोज अर्धा तास चालणं. महिन्याने पुन्हा यायचं. थंडोबांनी सगळं पाळलं. नियम पाळण्यात त्यांचा हात धरणारा ऑफिसात कोणी नव्हता. बायको त्यांच्याबरोबर चालायला यायची आणि चौकात "डावीकडून! डावीकडून!" असं ओरडायची. महिन्याभराने आकडा एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशीवर आला. बायकोने तो आकडा फ्रीजवर चिकटवला आणि मगच पर्समधला आरसा पुन्हा पावडर लावायला वापरायला लागली.

डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन थंडोबा साहेबांपुढे उभे राहिले. "मला खिडकी परत हवी."

साहेबांनी नाही म्हटलं नाही. महिन्याभरात खिडकीवर तिघेजण बदलून झाले होते. एकाने रजा टाकली, एक रडला आणि तिसऱ्याने एका तक्रारदाराची कॉलर खिडकीतून आत ओढली. तेव्हापासून साहेबांनी खिडकीला जाड काच बसवून घेतली होती आणि दोन्ही बाजूंना माईक लावले होते.

थंडोबा आपल्या खुर्चीत बसले. रजिस्टर उघडून समोर ठेवलं. अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं त्यांना. साडेदहाला पहिला तक्रारदार आला. गलेलठ्ठ, घामेजलेला, हातात बादली.

"तुम्ही लोक झोपा काढता इथे!" माईकमधून त्याचा आवाज घुमला. "चार दिवस नळाला थेंब नाही! तुमच्यासारख्या बिनकामाच्या माणसांना पगार कोण देतं? आम्ही!"

थंडोबांचा हात सवयीने खणाकडे गेला. खण रिकामा होता.

तोंडही रिकामं होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा तक्रार खिडकीवर थंडोबांचं तोंड पूर्णपणे मोकळं होतं. छातीतून काहीतरी वर सरकलं, घशाशी आलं, आणि थंडोबा उभे राहिले.

ते बोलले. पाच मिनिटं बोलले. बोट रोखून बोलले. मधे एकदा त्यांनी टेबलावर मूठसुद्धा आपटली. मागच्या टेबलावरचा टपालवाला कारकून उठून थेट जिन्यापर्यंत गेला. काचेपलीकडचा गृहस्थ तोंड उघडं टाकून बघत राहिला होता. संपलं तेव्हा थंडोबांचं अंग असं हलकं झालं होतं, की बायको रोज इतकी प्रसन्न का असते ते त्यांना त्या क्षणी कळलं.

गृहस्थ माईकशी वाकला. "काय म्हणालात? काही ऐकू आलं नाही."

थंडोबांनी खाली पाहिलं. रजिस्टराच्या खाली एक हिरवं बटण होतं. शेजारी चिकटवलं होतं : 'बोलताना दाबून धरा.'

"पण असू द्या," गृहस्थाचा आवाज एकदम ओला झाला. "तुमचा चेहरा बघूनच समजलं. इतकी वर्षं येतोय मी या ऑफिसात. आमच्यासाठी इतकं तळमळणारा माणूस पहिल्यांदा बघतोय." त्याने बादली खाली ठेवली, अभिप्रायाची वही मागवून घेतली आणि पानभर कौतुक लिहिलं. दुपारी साहेबांनी ते सगळ्या ऑफिसला वाचून दाखवलं.

"साहेब, मी ओरडत होतो," थंडोबा सांगू लागले.

"तुम्ही? ओरडत?" साहेब टक्कल लाल होईपर्यंत हसले.

थंडोबा घरी आले ते तणतणतच. निदान बायकोला तरी कळायला हवं होतं. तिने आधी पट्टा बांधला. एकशे सव्वीस. मग हाताची घडी घालून खुर्चीत बसली. "हं, म्हणून दाखवा. जसंच्या तसं."

शब्द न् शब्द थंडोबांच्या लक्षात होता. ते दिवाणखान्याच्या मधोमध उभे राहिले, बोट रोखलं आणि सुरू झाले :

"महाशय! आपण कृपया जरा थांबावं! आपल्या भावनांबद्दल पूर्ण आदर राखून मला नाइलाजाने असं म्हणावं लागतंय, की आपला आजचा सूर मला तितकासा योग्य वाटला नाही! इतकी वर्षं मी या खिडकीत बसलो, आपण सर्वांनी मला जे काही दिलंत, ते मी कधीही विसरणार नाही! कृपया याची नोंद घ्यावी!"

ते थांबले. धापा टाकत बायकोकडे बघायला लागले. तिने पट्टा पुन्हा हातात घेतला.

आतल्या खोलीतून टाळ्यांचा आवाज आला.

"छान बोललास हो," आई म्हणाली. "रिटायर कोण झालं?"